निकेलमधल्या तीन रेघा

आत्या आमच्याकडे परत आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिच्याबरोबर एक ट्रंक होती, एक छत्री आणि शिलाई मशीनचं नुसतं झाकण. मशीन तिकडेच राहिलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, विचारलं नाही. आईने मागच्या खोलीतल्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

आठवड्याभराने जेवताना ती बाबांना म्हणाली, “दादा, मला बसून खायची सवय नाही. पण लागेल, आणि एकदा लागली की सुटायची नाही. उद्यापासून मी काम बघते.”

काम दोन गल्ल्यांपलीकडेच मिळालं. तिथे मुलामा चढवायचा कारखाना होता. लांबलचक पत्र्याची शेड, कायम ओली फरशी, दोन्ही बाजूंना टाक्या, आणि टाक्यांवर आडव्या पितळी दांड्या. नळ, कड्या, सायकलींचे हँडल अशा वस्तू तांब्याच्या तारेने त्या दांड्यांना टांगायच्या, टाकीतल्या हिरव्या पाण्यात बुडवायच्या आणि वीज सोडायची. पाण्यात विरघळलेलं निकेल विजेबरोबर वस्तूवर येऊन बसतं. अशा प्रत्येक वस्तूला तिथे सगळे ‘जॉब’ म्हणत. तारा बांधायला बारीक बोटांच्या बायका लागत, म्हणून आत्याला घेतलं.

तारा बांधता बांधता ती टाकीकडे बघायची. वर्षभराने एक दिवस सगळे नळ बाहेर काढले तर खाचाखोचांत काळपट. टाक्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाणी बदललं, मीठ बदललं, देवाचं नाव घेतलं. काही फरक नाही. आत्या म्हणाली, “परवा एक पितळी बक्कल तारेतून सुटलं होतं. ते कुणी बाहेर काढलेलं मी तरी पाहिलं नाही.” टाकीत चुंबक सोडून उपयोग नव्हता, पितळ चुंबकाला दाद देत नाही. शेवटी जाळी घालून तळ गाळला. बक्कल निघालं, निम्मं विरघळलेलं. त्यातलं तांबं सगळं पाणी नासवत होतं. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी तिला तारांवरून उठवून टाकीशी उभं केलं.

मिस्त्री गेल्यावर क्रोमची टाकी तिच्याकडे आली. ती टाकी म्हणजे त्या कारखान्याचा मान. यंत्रांचे शाफ्ट, दांडे, जे जे सतत घासतं ते सगळं त्या तांबडसर पाण्यात जायचं आणि त्याच्यावर जाड, कडक क्रोम बसायचं. पण ते पाणी उकळल्यासारखं फसफसतं, त्याचा तुषार हवेत उडतो, आणि तो तुषार विषारी. वर ओढून घेणारा पंखा होता, तोंडाला फडकं होतं. दोन्ही नावापुरतीच.

बारा वर्षं ती त्या टाकीशी उभी राहिली. मग तिचं नाक वाहायला लागलं, कधी रक्त यायला लागलं. एका संध्याकाळी डॉक्टरांकडून आली आणि मटार सोलायला बसता बसता आईला म्हणाली, “वहिनी, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय म्हणे. बरं झालं, दोन्ही नाकपुड्यांचा अबोला तरी संपला.”

आई हसली नाही. बाबा तर जागेवरून उठले. वास येणं तोवर बंदच झालं होतं. दूध तिच्यासमोर करपलं तरी तिला कळत नसे.

“नोकरी सोड,” बाबा म्हणाले.

“सोडेन की. मग माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहील. त्याचं नाक काय उसनं आणलेलं असतं?”

तिने सोडली नाही.

मग सरकारी आदेश आला. अशा क्रोमच्या टाक्या तीन वर्षांत बंद करायच्या. मालक चांगला माणूस, पण घाबरट. तो कागद हातात घेऊन शेडमधून नुसता फिरत होता. कारखान्याचं निम्मं काम त्या टाकीवर चाले. ती गेली तर तीस माणसांपैकी कोण राहणार, हा हिशेब जो तो आपल्या मनात करत होता.

अशा वेळी मॅडम आल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या, पायात बूट आणि खांद्याला भली मोठी पिशवी. पिशवीतून त्यांनी प्रवासात वापरतात तशी साबणाची डबी काढली. डबीत बोटाएवढ्या पोलादी पट्ट्या होत्या, फिकट रुपेरी मुलाम्याच्या.

“यावर कानस मारून बघा,” त्या म्हणाल्या.

पॉलिशच्या खोलीतला जाड्या पुढे झाला. हा जाड्या म्हणजे हाडांचा सापळा. नाव कुणी आणि का ठेवलं ते तोही विसरला होता. त्याने कानस रेटली. ती घसरली. पुन्हा रेटली, पुन्हा घसरली. तो पट्टी उलटी करून बघायला लागला.

“हे क्रोम आहे?” आत्याने विचारलं.

“नाही. निकेल.”

“निकेल इतकं कडक नसतं.”

“दाणे बारीक केले की होतं,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. कुठलाही धातू दाण्यादाण्यांचा असतो. आपल्या डोळ्यांना तो सलग दिसतो, पण आत दाण्याला दाणा लागून बसलेला असतो. दाणे जितके बारीक तितका धातू कडक. हे दाणे इतके बारीक होते की केसाच्या जाडीत दोन-तीन हजार बसतील. त्यांना नॅनो म्हणतात. युक्ती विजेत होती. वीज सलग सोडायची नाही. सोडायची, बंद करायची, सोडायची, बंद करायची, एका सेकंदात शंभर वेळा. वीज आली की पृष्ठभागावर नवे दाणे जन्मतात. ते वाढायच्या आत वीज बंद. पुन्हा आली की पुन्हा नवे.

आत्या ऐकत होती. “म्हणजे एक पोर रांगायला लागायच्या आत दुसरं,” ती म्हणाली. “आमच्या आजीकडे हीच पद्धत होती. अकरा झाली. एकही उंच नाही, पण सगळी चिवट.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. नंतर त्यांनी सांगितलं की पाण्यात सॅकरिनही घालावं लागतं, त्याने दाणे बारीक राहतात आणि मुलामा ताणाने तडकत नाही. त्यावर आत्याने विचारलं, “का, टाकीला मधुमेह झालाय?” तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

मॅडमची अडचण अशी की हे सगळं त्यांनी लोट्याएवढ्या भांड्यात केलं होतं. मोठ्या जॉबवर करून दाखवल्याशिवाय त्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. मालकाने कोपऱ्यातली एक निकेलची टाकी दिली. कॉलेजने वीज तोडून तोडून सोडणारं यंत्र दिलं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचे झिजलेले जुने शाफ्ट मॅडमनी ओळखीतून मिळवले, हातभर लांबीचे.

पहिले दोन प्रयत्न फसले. शाफ्टच्या टोकांवर निकेलच्या गाठी आल्या आणि मधे मुलामा पातळ. मॅडम आकडे मांडत बसल्या. आत्या म्हणाली, “चोर ठेवा.”

“काय ठेवा?”

“चोर. वीज नेहमी कडेला धावते. टोकापाशी एक जाड तार टांगून ठेवायची, म्हणजे जादा वीज तिच्यावर जाऊन बसते आणि जॉब वाचतो. तार फेकून द्यायची.”

मॅडमनी वहीत लिहिलं, “दोन्ही टोकांना चोर.” तिसरा शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत सारखा निघाला.

तो शाफ्ट घासून मापात आणला आणि पंपात बसवला. मालकाने सगळ्यांना चहा दिला. अकराव्या दिवशी पाणीपुरवठ्याचा माणूस शाफ्ट पोत्यात गुंडाळून परत घेऊन आला. एका बाजूने मुलाम्याचा तळहाताएवढा पापुद्रा सुटला होता.

मालकाने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. “मुलामा सुटतो तो एकाच कारणाने,” तो म्हणाला. “खाली तेल राहिलं असणार. शाफ्ट साफ कुणी केला?”

जाड्या म्हणाला, “मी.”

“मग?”

“असेल राहिलं,” जाड्या म्हणाला आणि खाली बघायला लागला. त्याचा स्वभावच तसा. ट्रकचा धक्का लागला तर तोच ट्रकची माफी मागेल.

“पाणी मी पाहिलं होतं,” आत्या मधे पडली. धुतलेल्या धातूवर पाणी ओतलं की ते सलग चादरीसारखं राहतं. तेलाचा डाग असला तर तिथे फाटतं, थेंब होतात. शाफ्ट टाकीत सोडायच्या आधी ती हे बघायचीच. “पाणी कुठेच फाटलं नव्हतं.”

“तुम्ही त्याची बाजू घेणारच, ताई.”

त्या दिवसापासून जाड्याला पॅकिंगला बसवलं. एकोणीस वर्षं पॉलिश केलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागला. जेवणाच्या सुट्टीत तो आमच्या आत्याशेजारी बसायचा, ते बंद झालं. आपल्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागलं असं त्याला वाटत असावं.

मॅडमनी तो शाफ्ट कॉलेजात नेला. सुटलेल्या जागेजवळचा एक तुकडा कापला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शनिवारी दुपारी त्यांनी आत्याला बघायला बोलावलं. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. शनिवारची दुपार मोकळी, म्हणून मीही गेले.

आधी मी पाहिलं. खाली गडद पोलाद, वर करडा पट्टा. तो मुलामा. आणि त्या पट्ट्यात तीन बारीक काळ्या रेघा, आडव्या, एकसारख्या अंतरावर, वहीत आखाव्यात तशा. मुलामा पोलादापासून सुटलाच नव्हता. तो सर्वांत वरच्या रेघेवर फाटला होता, निकेलच निकेलपासून.

“म्हणजे साफसफाईचा काही दोष नाही,” मॅडम म्हणाल्या. “मधे काही वेळ वीज पूर्ण बंद पडली असली पाहिजे. तेवढ्यात निकेलवर साय धरते, अगदी पातळ. वरचा थर तिच्यावर बसतो, पण घट्ट धरत नाही. तीन रेघा म्हणजे तीन वेळा. यंत्रात बिघाड आहे. कंपनीकडे परत पाठवावं लागेल. सहा महिने तरी गेले.”

आत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. बराच वेळ उठली नाही. “रेघा सारख्या अंतरावर आहेत,” एवढंच म्हणाली.

परतताना ती बसमधून एक स्टॉप आधीच उतरली, मीही उतरले. भाजीवाल्याच्या गाड्यापाशी उभी राहून मला म्हणाली, “त्या रेघा मी काढल्यात.”

मला कळेना.

“चार तासांचं काम होतं. मॅडमना तास घ्यायला जायचं होतं, मी एकटी होते. दर तासाला मी शाफ्ट उचलून बघत होते, कसं बसतंय ते. वर काढायचा, फिरवायचा, परत सोडायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. पंचवीस वर्षं मी असंच बघत आले. नळावर काही होत नाही. नळाला कोण इतकं घासतं? हे मात्र…” तिने बोट उभं धरून दाखवलं, जणू त्याच्यावर तो मुलामा होता. “हे सगळं लक्षात ठेवतं.”

“कुणी पाहिलं तुला?”

“कुणी नाही. यंत्र परत जाईल, दुरुस्त होऊन येईल, मी उचलायचं बंद करेन, सगळं ठीक होईल. यंत्राची काय बेअब्रू होते?”

“मग?”

“मग जाड्या खोकी चिकटवतोय ना.” तिने गवारीची एक शेंग मोडून पाहिली, जून आहे का ते, आणि पाव किलो घेतली.

सोमवारी सकाळी टेबलापाशी मालक होता, मॅडम होत्या, यंत्राच्या खोक्याला दोरी बांधणारे दोघे होते. आत्याने पॅकिंगमधून जाड्यालाही बोलावून आणलं. मग म्हणाली, “दोरी सोडा. यंत्र ठीक आहे. शाफ्ट मी तीनदा उचलला होता.”

आत्याची चूक झाली हे ऐकायचीसुद्धा मालकाला सवय नव्हती. त्याने विचारलं, “तुम्ही? तुम्ही कशाला उचलाल?”

“बघायला.”

“ताई, मी पाहिलं होतं,” जाड्या हळूच म्हणाला. “दोनदा. पॉलिशच्या खिडकीतून.”

आत्या त्याच्याकडे वळली. “पाहिलं होतंस? मग बोलला का नाहीस?”

“त्याने बिघडतं हे मला कुठे माहीत?” तो थांबला. “आणि माहीत असतं तरी,” एवढं म्हणून तो पुढचं गिळून बसला.

मी तिथे नव्हते. पण तिनेच मला सांगितलं की त्या क्षणी तिला मालकासमोर नाही, जाड्यासमोर लाज वाटली. ती त्याला म्हणाली, “चूक माझी आणि पॅकिंग तुझं. माफ कर.” तो म्हणाला, “असू दे, चिकटपट्टी लावायला मी शिकलो.”

मॅडम मात्र खुशीत आल्या होत्या. त्यांना कारण सापडलं होतं. “एक, दोन, तीन तास,” त्या वही उलटत म्हणाल्या. “रेघांचं अंतर बरोबर जुळतंय. ताई, तुमच्या हाताचं घड्याळ आमच्या यंत्रापेक्षा पक्कं आहे.”

“पण न बघता काम करायचं म्हणजे डोळे बांधून स्वयंपाक,” आत्या म्हणाली. तिला ते खरंच जड जात होतं. शेवटी तोडगाही तिनेच काढला. शाफ्टच्या शेजारी वेगळ्या हुकावर एक छोटी पट्टी टांगायची, त्याच पोलादाची. बघायचं असेल तर पट्टी काढून बघायची, शाफ्टला हात लावायचा नाही. मॅडम तिला ‘नमुना’ म्हणत. आत्या तिला ‘करवली’ म्हणायची. नवरीच्या बाजूला बसणारी, नटलेली, पण लग्न तिचं नाही. कारखान्यात करवलीच रुळली. पुढे मॅडमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही तोच शब्द गेला.

पुढचा शाफ्ट टाकीत सोडला तेव्हा आत्याने जाड्याला शेजारी स्टुलावर बसवलं. “माझा हात शाफ्टच्या हुकाकडे गेला तर फूटपट्टीने मार,” तिने सांगितलं. हात दोनदा गेला. त्याने मारलं नाही, नुसता खाकरला. चार तासांनी शाफ्ट बाहेर निघाला. मॅडमनी करवली कापून पाहिली, तर पट्टा सलग करडा, एकही रेघ नाही.

तो पंपात बसला. अकरावा दिवस गेला, तेव्हा मालक उगीचच दाराशी उभा होता. पोतं घेऊन कोणी आलं नाही. महिना गेला, सहा महिने गेले. चौदा महिन्यांनी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने पंप उघडून माप घेतलं आणि चिठ्ठीवर लिहून पाठवलं की झीज जवळपास नाही, असेच आणखी करून द्या.

आदेशाची मुदत संपायला चार महिने होते तेव्हा क्रोमची टाकी उपसली. त्यासाठी खास परवान्याचा टँकर आला, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आली. दोन दिवस लागले. टाकी निघाल्यावर खालची फरशी तांबडी-पिवळी डागाळलेली दिसत होती. तीही खणून नेली. आत्या बाहेर ओट्यावर बसून बघत होती. बाबा मुद्दाम तिकडे गेले होते. त्यांनी विचारलं, “वाईट वाटतं का?” ती म्हणाली, “इतकी वर्षं रोज जिच्याशी बोलले ती सासू जरी असली तरी थोडं वाटतंच.”

सगळं गोड झालं असं नाही. फार तापणाऱ्या जॉबना हे निकेल चालत नाही; उष्णतेने त्याचे दाणे वाढतात आणि कडकपणा जातो. ते काम कारखान्याच्या हातून गेलंच. निकेलही काही देवमाणूस नव्हे, आत्या सगळ्यांना बजावते. हातमोजे हवेत, पंखा हवा, आणि पंखा खरोखर ओढणारा हवा. तो आता आहे. तिच्या नाकाला मात्र वास आला नाही आणि येणारही नाही. पण त्या शेडमध्ये गेल्या पाच वर्षांत कुणाच्या नाकातून रक्त आलेलं नाही. तीस माणसं होती, अठ्ठावीस राहिली; जे दोघे गेले ते आपणहून गेले.

जाड्या पॉलिशच्या खोलीत परतला. आता शाफ्ट साफ करायचं शेवटचं काम तो कुणाला देत नाही, आणि पाणी बघायला आत्याला हाक मारतो. दोघं वाकून बघतात, मग शाफ्ट आत जातो.

आठवड्यातून दोन दिवस आत्या कॉलेजात जाते. इतर कारखान्यांतले मुलामेवाले तिथे शिकायला येतात, बायकाही येतात. गेल्या महिन्यात एकीने विचारलं, “बाई, तुम्ही कुठे शिकलात हे?” आत्या म्हणाली, “माझ्याच चुकीवर. तिचा फोटोही आहे, दाखवते.” मॅडमनी तो फोटो मोठा करून भिंतीला लावलाय: करड्या पट्ट्यात तीन रेघा. खाली आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘जॉब उचलू नये.’

बाबा अधूनमधून निवृत्तीचा विषय काढतात. ती म्हणते, पाणीपुरवठ्याचे सहा शाफ्ट बाकी आहेत, ते झाले की बघू. मागच्या वर्षीही सहाच बाकी होते.